रोहिणी हट्टंगडी

रोहिणी हट्टंगडी (पूर्वाश्रमीच्या रोहिणी ओक; जन्म : ११ एप्रिल १९५१, पुणे) या मराठी व हिंदी रंगभूमी, चित्रपट आणि दूरचित्रवाणी या तिन्ही माध्यमांत काम करणाऱ्या भारतीय अभिनेत्री आहेत. रिचर्ड अ‍ॅटनबरो यांच्या ‘गांधी’ (१९८२) या चित्रपटातील कस्तुरबांच्या भूमिकेसाठी त्यांना सर्वोत्कृष्ट सहायक अभिनेत्रीचा बाफ्टा पुरस्कार मिळाला. हा पुरस्कार मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय अभिनेत्री होत. ‘पार्टी’ (१९८४) या चित्रपटासाठी त्यांना राष्ट्रीय चित्रपट पुरस्कार, तर ‘अर्थ’ (१९८२) आणि ‘अग्निपथ’ (१९९०) या चित्रपटांसाठी फिल्मफेअर पुरस्कार मिळाले. ‘चार दिवस सासूचे’ या दीर्घकाळ चाललेल्या मालिकेतील आशा देशमुख आणि ‘होणार सून मी ह्या घरची’ या मालिकेतील ‘आई-आजी’ या भूमिकांमुळे त्या महाराष्ट्रातील घराघरांत पोहोचल्या.

त्यांच्या चित्रपट कारकिर्दीचे एक वैशिष्ट्य म्हणजे पडद्यावरील त्यांचे वय व प्रत्यक्ष वय यांतील अंतर होय. तिशीच्या आसपास असताना त्यांनी वार्धक्यापर्यंतच्या कस्तुरबा साकारल्या आणि पुढील दोन दशके त्यांच्याकडे प्रामुख्याने आई, सासू व आजी यांच्याच भूमिका आल्या. स्वतःच्या वयाच्या नायिका साकारण्याची संधी त्यांना मुख्यतः रंगभूमीवर मिळाली.

पूर्वायुष्य आणि शिक्षण

रोहिणी ओक यांचा जन्म पुण्यात झाला. त्यांचे शालेय शिक्षण सदाशिव पेठेतील रेणुका स्वरूप मेमोरियल गर्ल्स हायस्कूल या शाळेत झाले. १९६६ मध्ये त्यांनी शालेय शिक्षण पूर्ण केले. १८६० मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र एज्युकेशन सोसायटीची ही मुलींची शाळा आहे. अभिनेत्री स्मिता पाटील यांचेही शिक्षण याच शाळेत झाले. पुढे ‘गांधी’ चित्रपटातील कस्तुरबांच्या भूमिकेसाठी या दोघींची पडदाचाचणी झाली.

सदाशिव पेठ हा पुण्याच्या जुन्या पेठांपैकी एक भाग असून तो शिक्षणसंस्थांप्रमाणेच नाट्यव्यवहारासाठीही ओळखला जातो. भरत नाट्य मंदिर आणि टिळक स्मारक मंदिर ही दोन नाट्यगृहे याच पेठेत आहेत. भरत नाट्य संशोधन मंदिर ही संस्था १८९४ पासून कार्यरत असून १९६३ मध्ये सुरू झालेली पुरुषोत्तम करंडक ही आंतरमहाविद्यालयीन एकांकिका स्पर्धा भरत नाट्य मंदिरात होते. हौशी नाटक, एकांकिका व राज्य नाट्य स्पर्धा यांमुळे १९६० च्या दशकातील पुण्यात नाटकाचे वातावरण होते. मात्र अभिनयाचे पूर्ण वेळचे शास्त्रशुद्ध शिक्षण घेण्यासाठी रोहिणी ओक यांनी दिल्लीची वाट धरली.

अभिनयाबरोबर त्यांनी भरतनाट्यम व कथकली या शास्त्रीय नृत्यप्रकारांचे अनेक वर्षे शिक्षण घेतले. देहबोली, चेहऱ्यावरील भाव आणि ताल यांवरील हुकमत नृत्यशिक्षणाचा गाभा असते. वयाने मोठ्या व्यक्तिरेखा उभ्या करताना लागणाऱ्या शारीरिक नियंत्रणासाठी ही पार्श्वभूमी उपयुक्त ठरणारी होती.

राष्ट्रीय नाट्य विद्यालय

१९७१ मध्ये त्यांनी दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयात प्रवेश घेतला. त्या वेळी विद्यालयाचे संचालक इब्राहिम अल्काझी होते. १९६२ ते १९७७ या आपल्या कार्यकाळात अल्काझी यांनी विद्यालयाच्या तीन वर्षांच्या अभ्यासक्रमाला शिस्तबद्ध रूप दिले. ग्रीक शोकांतिका, शेक्सपिअर, संस्कृत नाटक आणि आधुनिक भारतीय नाटक यांबरोबरच नेपथ्य, प्रकाशयोजना व वेशभूषा यांचेही ज्ञान विद्यार्थ्यांना मिळत असे. नसीरुद्दीन शाह व ओम पुरी हेदेखील याच काळात विद्यालयात शिकत होते.

विद्यालयात असताना जपानी दिग्दर्शक शोझो सातो यांनी बसवलेल्या ‘इबारागी’ या काबुकी नाटकात रोहिणी ओक यांनी काम केले. काबुकी ही परंपरेने केवळ पुरुष कलावंतांची रंगशैली असून तीत स्त्रियांच्या भूमिकाही पुरुषच करतात. कन्नड साहित्यिक शिवराम कारंत यांच्या दिग्दर्शनाखाली ‘भीष्मविजय’ या यक्षगान प्रयोगातही त्यांनी काम केले. किनारी कर्नाटकातील यक्षगानाची परंपराही प्रामुख्याने पुरुष कलावंतांचीच होती.

१९७४ मध्ये पदवी घेताना त्यांना सर्वोत्कृष्ट अभिनेत्री आणि सर्वोत्कृष्ट अष्टपैलू विद्यार्थी हे दोन सन्मान मिळाले. त्याच वर्षी सर्वोत्कृष्ट दिग्दर्शक ठरलेले जयदेव हट्टंगडी हे त्यांचे सहाध्यायी होते. पुढे दोघे विवाहबद्ध झाले आणि मुंबईत स्थायिक झाले.

रंगभूमी

‘चांगुणा’

हट्टंगडी दांपत्य मुंबईत आले तेव्हा मराठी प्रायोगिक रंगभूमी नव्या जोमाने काम करत होती. अरविंद देशपांडे, सुलभा देशपांडे व अरुण काकडे यांनी १९७१ मध्ये ‘आविष्कार’ ही संस्था स्थापन केली होती. १९७४ पासून दादरच्या छबिलदास शाळेच्या सभागृहात तिचे प्रयोग होऊ लागले. कमी खर्च, मोजके नेपथ्य आणि प्रेक्षकांशी जवळीक ही या प्रयोगांची वैशिष्ट्ये होती. या कालखंडाला मराठी नाट्येतिहासात ‘छबिलदास चळवळ’ असे म्हणतात.

जयदेव हट्टंगडी यांनी दिग्दर्शित केलेल्या ‘चांगुणा’ या नाटकात रोहिणी हट्टंगडी यांनी शीर्षक भूमिका केली. स्पॅनिश नाटककार फेदेरिको गार्सिया लोर्का यांच्या ‘येर्मा’ या नाटकाचे हे मराठी रूपांतर आरती हवालदार यांनी केले होते. अपत्यप्राप्तीची आस लागलेली विवाहित स्त्री, पतीची उदासीनता आणि गावाची नजर यांत होणारी तिची घुसमट हा मूळ नाटकाचा विषय आहे. या नाटकाने रोहिणी हट्टंगडी यांना मुंबईच्या नाट्यवर्तुळात ओळख मिळवून दिली. जयदेव हट्टंगडी यांच्याच दिग्दर्शनाखाली त्यांनी युरिपिडीसच्या ग्रीक शोकांतिकेवर आधारित ‘मिडिआ’ या नाटकातही काम केले.

‘मित्राची गोष्ट’

१९८१ मध्ये विजय तेंडुलकर लिखित आणि विनय आपटे दिग्दर्शित ‘मित्राची गोष्ट’ हे नाटक रंगभूमीवर आले. त्यातील सुमित्रा देव, म्हणजेच ‘मित्रा’, ही मध्यवर्ती भूमिका रोहिणी हट्टंगडी यांनी केली. नाटकाचा काळ स्वातंत्र्यपूर्व असून कथा महाविद्यालयीन तरुण-तरुणींच्या वर्तुळात घडते. आपल्याला पुरुषांविषयी नव्हे, तर स्त्रीविषयी ओढ वाटते हे मित्राला उमगते. समाजाने, मैत्रिणीने आणि अखेर मित्रानेही एकटे पाडलेल्या या तरुणीची ही शोकांतिका तिचा मित्र बापू प्रेक्षकांना सांगतो. स्त्री-समलैंगिकतेला थेट मध्यवर्ती स्थान देणारे हे मराठीतील आरंभीचे महत्त्वाचे नाटक मानले जाते.

‘गांधी’ चित्रपटाचे चित्रीकरण १९८१ मध्येच संपले होते. कस्तुरबांचे वार्धक्य व महाविद्यालयीन तरुणी मित्रा या दोन्ही भूमिका त्यांनी अशा प्रकारे एकाच काळात केल्या. चित्रपटांनी पुढे त्यांच्याकडून प्रौढ भूमिकांची अपेक्षा धरली, तेव्हा त्यांच्या अभिनयाची दुसरी बाजू रंगभूमीवर दिसून येत होती.

‘अपराजिता’ आणि ‘कलाश्रय’

नीतिश सेन यांच्या बंगाली नाटकावर आधारित ‘अपराजिता’ हा एकपात्री प्रयोग रोहिणी हट्टंगडी यांनी जयदेव हट्टंगडी यांच्या दिग्दर्शनाखाली केला. नाट्यशिक्षण व संशोधनासाठी दोघांनी ‘कलाश्रय’ ही संस्था सुरू केली. रंगभूमीवरील अभिनयासाठी त्यांना २००४ चा संगीत नाटक अकादमी पुरस्कार मिळाला.

चित्रपट

सुरुवात

सईद अख्तर मिर्झा यांच्या ‘अरविंद देसाई की अजीब दास्तान’ (१९७८) या चित्रपटापासून त्यांच्या चित्रपट कारकिर्दीची सुरुवात झाली. हा काळ हिंदीतील समांतर चित्रपटाचा होता. राष्ट्रीय नाट्य विद्यालय व पुण्याची भारतीय चित्रपट आणि दूरचित्रवाणी संस्था येथे प्रशिक्षण घेतलेल्या अभिनेत्यांना व दिग्दर्शकांना या चळवळीने मोठ्या प्रमाणावर सामावून घेतले.

‘गांधी’

रिचर्ड अ‍ॅटनबरो यांच्या ‘गांधी’ या चित्रपटासाठी १९८० मध्ये पात्रनिवड सुरू झाली. डॉली ठाकोर यांनी भारतातील पात्रनिवडीचे काम पाहिले. कस्तुरबांच्या भूमिकेसाठी रोहिणी हट्टंगडी, स्मिता पाटील आणि भक्ती बर्वे या तीन मराठी अभिनेत्रींची लंडनमध्ये पडदाचाचणी घेण्यात आली. अखेर गांधींच्या भूमिकेसाठी बेन किंग्जली आणि कस्तुरबांच्या भूमिकेसाठी रोहिणी हट्टंगडी यांची निवड झाली.

चित्रपटाचे चित्रीकरण नोव्हेंबर १९८० ते मे १९८१ या काळात झाले. कथानक १८९३ मध्ये दक्षिण आफ्रिकेत सुरू होते आणि कस्तुरबांच्या बाबतीत २२ फेब्रुवारी १९४४ रोजी पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये स्थानबद्धतेत झालेल्या त्यांच्या निधनापर्यंत येते. म्हणजेच तिशीच्या उंबरठ्यावर असलेल्या अभिनेत्रीला ऐन तारुण्यापासून पंचाहत्तरीच्या जवळपासपर्यंतचा पन्नास वर्षांचा प्रवास दाखवायचा होता. रंगभूषा टॉम स्मिथ यांची होती. वेशभूषा जॉन मोलो आणि मूळच्या कोल्हापूरच्या भानू अथैया यांनी केली. या कामासाठी अथैया यांना ऑस्कर मिळाले. ऑस्कर मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय होत.

चित्रपटात कस्तुरबांच्या वाट्याला मोजकेच प्रसंग आले आहेत. परंतु पती-पत्नींच्या नात्यातील स्थित्यंतरे त्यांतून स्पष्ट होतात. दक्षिण आफ्रिकेतील आश्रमात शौचालय साफ करण्यास नकार देणारी व त्यावरून पतीशी वाद घालणारी तरुण पत्नी, अमेरिकी पत्रकारासमोर पतीसह आपल्या विवाहविधीतील वचने पुन्हा उच्चारणारी प्रौढ स्त्री, गांधींच्या अटकेनंतर त्यांच्या जागी भाषण करण्यास पुढे सरसावणारी आणि त्यासाठी स्वतः अटक होणारी वृद्धा, आणि अखेरचा मृत्यूचा प्रसंग हे त्यांतील ठळक टप्पे आहेत. वयाच्या वाढत्या खुणा केवळ रंगभूषेवर न सोपवता चाल, बसण्याची ढब आणि बोलण्याची गती यांतूनही त्या दाखवण्यात आल्या आहेत.

‘गांधी’ला आठ ऑस्कर पुरस्कार मिळाले. १९८३ च्या बाफ्टा पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट सहायक अभिनेत्रीचा पुरस्कार रोहिणी हट्टंगडी आणि ‘रेड्स’ या चित्रपटासाठी अमेरिकी अभिनेत्री मॉरीन स्टेपल्टन यांना विभागून देण्यात आला.

‘अर्थ’, ‘सारांश’ आणि ‘पार्टी’

महेश भट्ट दिग्दर्शित ‘अर्थ’ (१९८२) मध्ये त्यांनी मोलकरणीची भूमिका केली. पतीने सोडून दिलेली पूजा (शबाना आझमी) ही चित्रपटाची नायिका आहे. तिच्याकडे काम करणाऱ्या बाईची कथा तिला समांतर चालते. दारुड्या नवऱ्याचा मार सोसत ही बाई मुलीच्या शिक्षणासाठी पैसे साठवते. ते पैसे नवरा हिरावून घेतो तेव्हा तिच्या हातून त्याचा खून होतो आणि मुलीची जबाबदारी पूजा स्वीकारते. चित्रपटाच्या शेवटी नायिकेला गवसणारा ‘अर्थ’ या उपकथानकातूनच आकार घेतो. या भूमिकेसाठी रोहिणी हट्टंगडी यांना १९८४ मध्ये सर्वोत्कृष्ट सहायक अभिनेत्रीचा फिल्मफेअर पुरस्कार मिळाला.

राजश्री प्रॉडक्शन्सच्या ‘सारांश’ (१९८४) या भट्ट यांच्याच चित्रपटात त्यांनी पार्वती प्रधान ही भूमिका केली. मुंबईच्या शिवाजी पार्क परिसरात राहणारे निवृत्त शिक्षक बी. व्ही. प्रधान आणि त्यांची पत्नी पार्वती यांचा एकुलता एक मुलगा न्यू यॉर्कमध्ये मारला जातो. प्रधान निरीश्वरवादी आहेत, तर पार्वतीला मुलगा पुन्हा जन्म घेईल अशी आशा आहे. घरात भाड्याने राहणाऱ्या तरुणीच्या पोटी तो जन्माला येणार, या श्रद्धेवर ती तग धरते. प्रधानांची भूमिका अनुपम खेर यांनी केली. चित्रपट प्रदर्शित झाला तेव्हा खेर २९ वर्षांचे आणि रोहिणी हट्टंगडी ३३ वर्षांच्या होत्या. साठीच्या घरातील हे जोडपे साकारणारे दोन्ही कलावंत तरुण होते आणि दोघेही राष्ट्रीय नाट्य विद्यालयाचे विद्यार्थी होते. ‘सारांश’ ही त्या वर्षी ऑस्करसाठी भारताची अधिकृत प्रवेशिका होती.

गोविंद निहलानी यांचा ‘पार्टी’ (१९८४) हा महेश एलकुंचवार यांच्या याच नावाच्या मराठी नाटकावर आधारित आहे. नाटककार दिवाकर बर्वे यांना मिळालेल्या पुरस्काराप्रीत्यर्थ दमयंती राणे यांच्या घरी एका रात्री मेजवानी होते. तेथे जमलेल्या लेखक-कलावंतांचे ढोंग आणि आदिवासी भागात काम करायला गेलेल्या, प्रत्यक्ष उपस्थित नसलेल्या अमृत या कवीची सावली, यांभोवती चित्रपट फिरतो. रोहिणी हट्टंगडी यांनी यात बर्वे यांची सहचरी मोहिनी हिची भूमिका केली. एकेकाळची अभिनेत्री असलेली, उपेक्षेमुळे दारूच्या आहारी गेलेली ही स्त्री त्यांच्या इतर सोशिक भूमिकांहून निराळी होती. यासाठी त्यांना सर्वोत्कृष्ट सहायक अभिनेत्रीचा राष्ट्रीय चित्रपट पुरस्कार मिळाला.

व्यावसायिक हिंदी चित्रपट

१९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात समांतर चित्रपटाचा जोर ओसरू लागला आणि त्यातील अनेक कलावंत मुख्य प्रवाहाकडे वळले. रोहिणी हट्टंगडी यांच्या वाट्याला या प्रवाहात प्रामुख्याने आईच्या भूमिका आल्या. याला अपवाद म्हणून पंकज पराशर यांच्या ‘चालबाज’ (१९८९) मधील अंबा या कजाग काकीचा उल्लेख करता येईल. श्रीदेवी यांची दुहेरी भूमिका असलेल्या या चित्रपटात त्यांनी विनोदी ढंगाची खलनायिका रंगवली.

मुकुल आनंद यांच्या ‘अग्निपथ’ (१९९०) मध्ये त्यांनी मास्टर दीनानाथ चौहान यांची विधवा आणि विजयची आई सुहासिनी ही भूमिका केली. पतीच्या मृत्यूचा सूड घेण्यासाठी गुन्हेगारीकडे वळलेल्या मुलाला आई स्वीकारत नाही, हा चित्रपटाचा भावनिक कणा आहे. विजयच्या भूमिकेतील अमिताभ बच्चन त्यांच्यापेक्षा वयाने आठ वर्षांहून अधिक मोठे होते. या भूमिकेसाठी त्यांना दुसऱ्यांदा फिल्मफेअर पुरस्कार मिळाला. राजकुमार हिरानी यांच्या ‘मुन्नाभाई एम.बी.बी.एस.’ (२००३) मध्ये संजय दत्त यांच्या आईची आणि सुनील दत्त यांच्या पत्नीची भूमिका त्यांनी केली. पहिल्या चित्रपटातील मुलगा आणि दुसऱ्यातील पती यांच्या वयांकडे पाहता हिंदी चित्रपटातील ‘आई’ हे वयापेक्षा एक ठरावीक स्थान असल्याचे दिसते.

अन्य भाषांतील चित्रपट

हिंदी व मराठीखेरीज दक्षिण भारतीय भाषांतही त्यांनी काम केले. बालचंद्र मेनन यांचा मल्याळम चित्रपट ‘अच्चुवेट्टन्टे वीडु’ (१९८७) आणि क्रांती कुमार यांचा तेलुगू चित्रपट ‘सीतारामय्यागारी मनवरालु’ (१९९१) हे त्यांतील विशेष उल्लेखनीय होत. तेलुगू चित्रपटात त्यांनी अक्किनेनी नागेश्वर राव यांच्या पत्नीची आणि मीना हिच्या आजीची भूमिका केली. त्या वेळी त्यांनी चाळिशीही ओलांडलेली नव्हती.

दूरचित्रवाणी

‘चार दिवस सासूचे’

१९९९ मध्ये अल्फा मराठी आणि २००० मध्ये ई टीव्ही मराठी या खासगी वाहिन्या सुरू झाल्या. त्यापूर्वी दूरदर्शनवरील मराठी मालिका बहुतांशी साप्ताहिक असत आणि तेरा भागांच्या हिशेबाने आखल्या जात. खासगी वाहिन्यांनी रोज प्रसारित होणाऱ्या मालिका आणल्या. त्यामुळे कलावंतांच्या कामाचे स्वरूप पालटले. ठरावीक संहिता आधी हातात घेऊन तालीम करण्याऐवजी रोज येणारे नवे प्रसंग त्याच दिवशी चित्रित करण्याची पद्धत रूढ झाली.

ई टीव्ही मराठीवर २००१ मध्ये सुरू झालेल्या ‘चार दिवस सासूचे’ या मालिकेत रोहिणी हट्टंगडी यांनी आशा देशमुख ही मध्यवर्ती भूमिका केली. कविता लाड यांनी त्यांच्या सुनेची, अनुराधाची, भूमिका केली. ही मालिका २०१३ पर्यंत चालली आणि तिचे तीन हजारांहून अधिक भाग प्रसारित झाले. मराठीतील सर्वाधिक काळ चाललेल्या दैनंदिन मालिकांत तिची गणना होते.

‘चार दिवस सासूचे, चार दिवस सुनेचे’ या म्हणीचा पूर्वार्ध मालिकेचे शीर्षक म्हणून घेतला होता. चित्रपटांत सासू वा आई ही नायक-नायिकांच्या कथेतील दुय्यम व्यक्ती असे; या मालिकेत मात्र ती कथेच्या केंद्रस्थानी होती. मालिका सुरू झाली तेव्हा रोहिणी हट्टंगडी पन्नास वर्षांच्या होत्या. तोवर वीस वर्षे त्या आपल्याहून मोठ्या वयाच्या स्त्रिया साकारत आल्या होत्या. येथे प्रथमच त्यांचे स्वतःचे वय आणि भूमिकेचे वय जुळले आणि भूमिकाही मुख्य होती.

‘होणार सून मी ह्या घरची’

झी मराठीवरील ‘होणार सून मी ह्या घरची’ (२०१३ ते २०१६) या मालिकेत त्यांनी भागीरथी गोखले ही भूमिका केली. घरगुती खाद्यपदार्थांच्या ‘गोखले गृहउद्योग’ या व्यवसायाची आणि अनेक स्त्रियांच्या एकत्र कुटुंबाची प्रमुख असलेली ही आजी मालिकेत ‘आई-आजी’ म्हणून ओळखली जाते. तेजश्री प्रधान (जान्हवी) आणि शशांक केतकर (श्री) यांच्या प्रमुख भूमिका असलेली ही मालिका तरुण प्रेक्षकांतही लोकप्रिय झाली. ज्या पिढीने ‘गांधी’ किंवा ‘सारांश’ पाहिले नव्हते, तिला रोहिणी हट्टंगडी यांची ओळख याच भूमिकेतून झाली.

‘बाईपण भारी देवा’

केदार शिंदे दिग्दर्शित ‘बाईपण भारी देवा’ हा मराठी चित्रपट ३० जून २०२३ रोजी प्रदर्शित झाला. एकमेकींपासून दुरावलेल्या सहा बहिणी मंगळागौरीच्या स्पर्धेच्या निमित्ताने एकत्र येतात, असे त्याचे कथानक आहे. रोहिणी हट्टंगडी यांनी थोरल्या जयाची भूमिका केली. वंदना गुप्ते, सुकन्या कुलकर्णी-मोने, सुचित्रा बांदेकर, शिल्पा नवलकर आणि दीपा परब-चौधरी यांनी इतर बहिणींच्या भूमिका केल्या. प्रमुख भूमिकांत केवळ चाळिशीपुढील स्त्रिया असलेला हा चित्रपट मराठीतील सर्वाधिक कमाई करणाऱ्या चित्रपटांपैकी एक ठरला. राज्यभर स्त्रियांनी गटागटाने, नटूनथटून चित्रपटगृहांत गर्दी केली. ७२ वर्षांच्या रोहिणी हट्टंगडी यांनी यात मंगळागौरीच्या खेळांतही भाग घेतला आहे.

भूमिका आणि वय

रोहिणी हट्टंगडी यांच्या प्रमुख भूमिका आणि चित्रपट प्रदर्शित झाला किंवा मालिका सुरू झाली त्या वेळचे त्यांचे वय पुढीलप्रमाणे :

• ‘गांधी’ (१९८२) : वय ३१, तारुण्यापासून मृत्यूपर्यंतच्या कस्तुरबा
• ‘सारांश’ (१९८४) : वय ३३, निवृत्त शिक्षकाची वृद्ध पत्नी
• ‘अग्निपथ’ (१९९०) : वय ३८, ४७ वर्षांच्या नायकाची आई
• ‘सीतारामय्यागारी मनवरालु’ (१९९१) : वय ३९, तरुण नातीची आजी
• ‘चार दिवस सासूचे’ (२००१) : वय ५०, कुटुंबप्रमुख सासू
• ‘मुन्नाभाई एम.बी.बी.एस.’ (२००३) : वय ५२, ४४ वर्षांच्या नायकाची आई
• ‘बाईपण भारी देवा’ (२०२३) : वय ७२, सहा बहिणींतील थोरली

भारतीय व्यावसायिक चित्रपटांत नायक पन्नाशीतही तरुणाच्या भूमिका करतो, तर त्याच्याहून लहान अभिनेत्री त्याची आई होते, ही जुनी रीत आहे. ‘मदर इंडिया’ (१९५७) मध्ये नर्गिस यांनी जवळपास समवयस्क सुनील दत्त यांच्या आईची भूमिका केली होती. मात्र नर्गिस यांच्यामागे नायिकेची मोठी कारकीर्द होती; रोहिणी हट्टंगडी यांची ओळखच वृद्धेच्या भूमिकेतून झाली. जगभर वाखाणल्या गेलेल्या कस्तुरबांच्या यशाने त्यांना नायिकेच्या भूमिकांपर्यंत नेले नाही. या मर्यादेत राहूनही त्यांच्या आई आणि सासू एकसारख्या झाल्या नाहीत. पार्वती प्रधानची भाबडी आशा, सुहासिनीचा कठोर नकार, अंबाचा कांगावा आणि आई-आजीचा धाक ही चार निराळी माणसे आहेत.

वैयक्तिक जीवन

रोहिणी हट्टंगडी यांचे पती जयदेव हट्टंगडी हे नाट्यदिग्दर्शक व नाट्यशिक्षक होते. त्यांचे ५ डिसेंबर २००८ रोजी मुंबईत निधन झाले. त्यांचे पुत्र असीम हट्टंगडी हेही रंगभूमीवर कार्यरत आहेत.

पुरस्कार आणि सन्मान

• बाफ्टा पुरस्कार, सर्वोत्कृष्ट सहायक अभिनेत्री : ‘गांधी’ (१९८३, विभागून)
• फिल्मफेअर पुरस्कार, सर्वोत्कृष्ट सहायक अभिनेत्री : ‘अर्थ’ (१९८४)
• राष्ट्रीय चित्रपट पुरस्कार, सर्वोत्कृष्ट सहायक अभिनेत्री : ‘पार्टी’ (३२वे राष्ट्रीय चित्रपट पुरस्कार)
• फिल्मफेअर पुरस्कार, सर्वोत्कृष्ट सहायक अभिनेत्री : ‘अग्निपथ’ (१९९१)
• संगीत नाटक अकादमी पुरस्कार (२००४)
• विष्णुदास भावे गौरव पदक, सांगली (२०१९)
• अखिल भारतीय मराठी नाट्य परिषदेचा जीवनगौरव पुरस्कार (२०२४)

निवडक कार्य

नाटके : ‘इबारागी’, ‘भीष्मविजय’, ‘चांगुणा’, ‘मिडिआ’, ‘मित्राची गोष्ट’, ‘अपराजिता’

चित्रपट : ‘अरविंद देसाई की अजीब दास्तान’ (१९७८), ‘गांधी’ (१९८२), ‘अर्थ’ (१९८२), ‘सारांश’ (१९८४), ‘पार्टी’ (१९८४), ‘अच्चुवेट्टन्टे वीडु’ (१९८७), ‘चालबाज’ (१९८९), ‘अग्निपथ’ (१९९०), ‘सीतारामय्यागारी मनवरालु’ (१९९१), ‘मुन्नाभाई एम.बी.बी.एस.’ (२००३), ‘बाईपण भारी देवा’ (२०२३)

मालिका : ‘चार दिवस सासूचे’ (२००१ ते २०१३), ‘होणार सून मी ह्या घरची’ (२०१३ ते २०१६)